मालकी रानातली उक्ती तोड: जुनं रान ओळखायचं कसं आणि राखायचं कसं?

कुंभार्ली

पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि खाली शिराळ्याचा पश्चिम भाग. या पट्ट्यातलं दाट रान म्हटलं की लोकांना कोयना आणि चांदोली एवढंच आठवतं. पण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही डोंगरउतारावर बरंच जुनं रान उभं आहे आणि ते मालकीचं आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), खाली हिस्सेदारांची रांग.

नेहमीचा नमुना घ्या. आठ एकर उतार, मधून फेब्रुवारीपर्यंत वाहणारा ओढा, सहा हिस्सेदार, त्यातले तिघे मुंबईला माथाडीत. व्यापारी येतो, रानाला एक चक्कर मारतो आणि सगळं मिळून उक्ता आकडा सांगतो. "कागदपत्रांचं आम्ही बघतो" हे ठरलेलं वाक्य.

मला तीन गोष्टी हव्यात. परवानगीची खरी वाट काय, व्यापाऱ्याचा आकडा तपासायचा कसा, आणि आठ एकरांतलं नेमकं कुठलं रान हात न लावण्याजोगं आहे हे ओळखायचं कसं. झाडं वाचली पाहिजेत हे सगळ्यांना मान्य आहे, ते पुन्हा लिहू नये ही विनंती.

सातबारा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

ग्रामीण भागातल्या मालकी जमिनीला १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडणे विनियमन कायदा लागतो. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात. सोबत ताजा सातबारा, आठ-अ, मोजणीचा नकाशा, सगळ्या हिस्सेदारांची संमती आणि झाडांची यादी: अनुक्रम, जात, छातीच्या उंचीवरचा घेर. छातीची उंची म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटर, उतारावर असाल तर वरच्या अंगाला उभं राहून. मग जागेची पाहणी, झाडांवर आकडे, परवानगी. तोडल्यावर मालावर हातोड्याचा शिक्का, आणि त्यानंतर वाहतूक परवाना. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत, एक हातात आला म्हणजे दुसरा आला असं नाही.

अर्ज करण्याआधी सातबाऱ्यावर तीन ठिकाणी बोट ठेवा. एक, भोगवटादार वर्ग. वर्ग दोन (सरकारने अटींवर दिलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची वाट वेगळी. दोन, 'इतर हक्क' रकाना. तिथे वन किंवा खाजगी वन असा शेरा असेल तर १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा मधे येतो आणि ती जमीन मुळात तुमची राहिली आहे का इथपासून सुरुवात होते. तीन, फेरफार. बापाच्या पश्चात वारसनोंद झालेली नसेल तर संमतीपत्राला किंमत नाही.

शिवाय १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आहे. शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल, मालक कोणीही असो. त्यामुळे "पोटखराबा आहे, वन नाही" हा व्यापाऱ्याचा युक्तिवाद कागदावर टिकेलच असं धरून चालू नका.

महाबळेश्वर-पाचगणी भागात असाल तर गोष्ट आणखी कडक. तिथे १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे, साधारण १२४ चौरस किलोमीटर. खाजगी जमिनीवरही जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय तोड नाही.

नवजा

सातबारा साहेब, सगळं बरोबर, पण १९६४ च्या कायद्याची जी अनुसूची आहे तिच्याबद्दल लिहिलं नाहीत, आणि घाटमाथ्यापुरता खरा घोळ तिथेच आहे.

यादीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. आता यातला 'अंजन' नीट बघा. तो हार्डविकिया, म्हणजे कोरड्या भागातला, खानदेश-विदर्भाकडचा. आपल्या माथ्यावरची ती अंजनी, मेमेसायलॉन. जांभळ्या-निळ्या फुलांनी फांदी लगडते ती. नावात एका वेलांटीचा फरक आणि झाडांचा एकमेकांशी काही संबंध नाही. महाबळेश्वर ते कोयनेपर्यंतचं सदाहरित रान ज्या तीन झाडांवर उभं आहे ती म्हणजे अंजनी, जांभूळ आणि पिसा. तिघांतलं फक्त जांभूळ यादीत आहे.

म्हणजे बांधावरचा कलमी आंबा पाडायला परवानगी हवी आणि माथ्यावरची अंजनी अनुसूचीत नाही. व्यापाऱ्याला हे पाठ असतं. रानात शिरल्यावर तो आधी बिनयादीतली झाडं मोजतो.

किंजळ

+१. आणि दंड? मूळ कायद्यात हजार रुपयांपर्यंत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने तो पन्नास हजारांवर न्यायचं ठरवलं, त्यावर कोकणात केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलंय.

घेर_लांबी

दुसरा प्रश्न: व्यापाऱ्याचा आकडा.

गोल लाकूड मोजायची बाजारातली पद्धत पाव घेराची. मधला घेर इंचात घ्यायचा, चारने भागायचा, त्याचा वर्ग करायचा, फुटातल्या लांबीने गुणायचं, १४४ ने भागायचं. उत्तर घनफुटात.

७२ इंच घेर, १० फूट लांबी असा ओंडका घ्या. पाव घेर १८. अठराचा वर्ग ३२४, गुणिले १०, भागिले १४४. झाले २२.५ घनफूट. त्याच ओंडक्याचं भूमितीने खरं आकारमान येतं साधारण २८.६. म्हणजे पद्धतीतच साडेएकवीस टक्के माल हिशेबाबाहेर जातो. साल आणि फळ्या पाडताना जाणारं बाकळ धरून ही सूट पूर्वापार चालत आली. चिराऊ लाकडाला ते एकवेळ ठीक. पण जळाऊ म्हणून घेतलेल्या मालालाही काही जण हेच सूत्र लावतात. जळणात साल पण जळते आणि बाकळ पण, मग सूट कशाची?

दुसरी खोट घेर घेताना. मध्याऐवजी बारीक टोकाला फीत लावली आणि तिथे ६० इंच भरला, तर तोच ओंडका १५.६ घनफुटांवर येतो. फीत कुठे लावली हे तोड चालू असताना बघायला हवं, ट्रक भरल्यावर नाही.

जळाऊ माल वजनावर द्यायचा तर त्याच दिवशी काट्यावर न्या. ओल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. दोन महिने रानात रचून ठेवलं की वजन सहज चतुर्थांशाने उतरतं. 'सावकाश उचलतो' म्हणणारा व्यापारी मोठ्या मनाचा नसतो.

उक्तं देऊच नये असं माझं मत. द्यायचंच तर झाडावर आकडा टाकून, प्रत्येक झाडाचा घेर लिहून, त्या यादीवर दोघांच्या सह्या करून. 'सगळं रान' हे माप नाही.

जांभा

तिसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो अवघड आहे, कारण आपल्याकडे झाडाचं वय सहजी सांगता येत नाही. सागाला वर्षाची कडी उमटते. सदाहरित झाडांत तशी भरवशाची कडी दिसत नाही. त्यात माथ्यावर जांभ्याचा कातळ, त्यावर वीतभर माती, चार महिने अंगावर साडेपाच-सहा मीटर पाऊस आणि मग सात-आठ महिने कोरडे. झाड उंच होतच नाही. दोन फूट घेराची अंजनी आजोबांच्याही आधीची असू शकते. घेरावरून 'हे बारीक आहे, घ्या' म्हणणं इथे साफ चुकतं.

त्यामुळे झाड बघू नका, रान बघा. आणि बघायला सुरुवात बुंध्यापासून करा. एकाच गड्ड्यातून चार-पाच सारखे सोट वर गेले असतील, तर तिथे पूर्वी तोड झालेली आहे, हे फुटवे आहेत. अंजनी, जांभूळ, ऐन, किंजळ सगळे चांगले फुटतात, त्यामुळे लांबून रान हिरवंगार दिसतं आणि माणूस फसतो. जुन्या रानात बुंधा एकेरी, तळाशी पसरलेला, कधी पोकळ.

मग पायाखाली बघा. जुन्या रानात पालापाचोळ्यात हात घातला तर वर कोरडी पानं, खाली अर्धी कुजलेली काळी, त्याखाली पांढऱ्या बुरशीचे धागे, आणि मग माती. तोडलेल्या रानात पानं उचलली की खाली लगेच लाल मुरूम किंवा कातळ. कुजत पडलेले ओंडके आहेत का, उभी वाळलेली झाडं आहेत का, बुंध्यावर शेवाळ आणि आमरी आहे का, मनगटापेक्षा जाड वेल आहेत का. गारंबीचा वेल आणि त्याच्या हातभर लांब शेंगा दिसल्या तर तिथे थांबा. तेवढा वेल व्हायला बरीच वर्षं लागतात.

उलट खूण कारवीच्या झुडपाची. वरची उघडीप वाढली की कारवी दाटते. गच्च कारवी आणि वर तुरळक झाडं म्हणजे बहुधा जुनी तोड.

शेकरूची घरटी मोजा. एकेक शेकरू अनेक घरटी बांधतं आणि शक्यतो खाली न उतरता फांद्यांवरूनच फिरतं. घरटी दिसतायत याचा अर्थ छत अजून सलग आहे. मधली दहा झाडं काढली की दोन्हीकडचं रान शाबूत राहूनही त्याचा रस्ता तुटतो.

शिराळा_पश्चिम

जांभा, मस्त लिहिलंय. पोकळ झाडांबद्दल एक भर: धनेशाला ढोली लागते आणि ढोली म्हातार्‍या झाडातच होते. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून फटीतून भरवतो. पण व्यापारी नेमकं हेच झाड 'तसंही पोकळ आहे, पडणारच आहे' म्हणून फुकटात मागतो.

सागरेश्वराचं उदाहरण नेहमी दिलं जातं, की माणसाने जंगल लावून दाखवलं. खरं आहे, आणि कडेगावच्या त्या उघड्या डोंगरांवर ते मोठंच काम आहे. पण ते कमी पावसाच्या भागातलं, लावलेलं आणि कुंपण घालून राखलेलं रान आहे. त्यावरून 'इथलं तोडा, तिकडे लावू' असा अर्थ काढणं चुकीचं. ढोली लावता येत नाही.

आठ_एकर

वाचतोय सगळं. आता दुसरी बाजू ऐका. पोटखराब्यात पीक नाही, कर्ज नाही, कसलं अनुदान नाही. गव्याने खालची भाताची खाचरं तुडवली तर पंचनाम्यालाच चार चकरा. मधेच बातमी येते की गाव संवेदनशील यादीत आलं. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात पश्चिम घाटाचे सहा राज्यांतले ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. गाडगीळ समिती २०११, कस्तुरीरंगन समिती २०१३, तेव्हापासून मसुद्यावर मसुदे. अंतिम काय ते कळेना. अशा वेळी माणूस काय करतो? 'उद्या बंदी आली तर? आजच मोकळं करा.' बंदीच्या बातमीनेच करवती चालतात हे कुणी बोलत नाही. परदेशात लोकांना पैसे देऊन जंगल राखतात म्हणे.

सीडर

परदेशातलं तेवढं सोपं नाही, आठ_एकर भाऊ. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, हेच भांडण गेली चाळीस वर्षं चालू आहे आणि त्यातले काही धडे इथे नेमके लागू पडतात.

तिथे किनाऱ्यावरच्या जुन्या रानाची व्याख्या वयावर आहे: २५० वर्षांच्या पुढचं. लाल सीडर हजार वर्षंही जगतो. किनारा ओला, वणवे क्वचित, म्हणून रान पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं. बहुतेक जमीन सरकारी, तोडीचे हक्क कंपन्यांकडे. १९९३ मध्ये क्लेयोक्वॉट साउंडला रस्ता अडवून बसलेल्या साडेआठशेच्या वर लोकांना अटक झाली. त्यानंतर नेमलेल्या शास्त्रीय समितीने १९९५ मध्ये सांगितलं की सरसकट साफ तोड थांबवा, आणि किती काढायचं याऐवजी काय मागे ठेवायचं ते आधी ठरवा. माझ्या मते या धाग्याला सगळ्यात उपयोगी वाक्य तेच.

पुढे ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट. ६४ लाख हेक्टर. २०१६ च्या करारात तिथल्या ८५ टक्के जंगलात व्यापारी तोड बंद झाली, उरलेल्यात कडक नियमांनी चालू. मूळ रहिवासी राष्ट्रं, सरकार, कंपन्या आणि पर्यावरणवाले असे सगळे टेबलावर होते. वीसेक वर्षं लागली.

आणि तुमचा मुद्दा तिथेही आहेच. २०२१ ला व्हँकूव्हर बेटावर फेअरी क्रीकला अकराशेच्या वर अटका झाल्या. ती जमीन ज्या पाचीडाट लोकांच्या पारंपरिक हद्दीत येते त्यांच्या निवडून आलेल्या परिषदेने आंदोलकांना निघून जायला सांगितलं, कारण तोडीच्या महसुलात त्यांचाही वाटा होता. त्याच समाजातले काही जण आंदोलनात होते. म्हणजे 'गावकरी विरुद्ध जंगल' किंवा 'गावकरी म्हणजे जंगलाचे रक्षक' दोन्ही सोयीची चित्रं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने २६ लाख हेक्टर जुन्या रानातली तोड तात्पुरती थांबवायचं सुचवलं. चर्चा चालू आणि करवतही चालू, ही तक्रार तिथल्या लोकांचीही आहे.

नवजा

एक मोठा फरक विसरू नका. तिकडे सरकार-कंपनी, इथे आठ एकर आणि सहा हिस्सेदार. एका कराराने ६४ लाख हेक्टर वाचतील असं इथे होणार नाही. इथे जे व्हायचं ते गट नंबरागणिक.

सीडर

मान्य. पण 'आधी काय ठेवायचं' हे आठ एकरांतही करता येतं. आणि ठेवायचं ते पुंजक्याने. सुटी एकेक झाडं ठेवली तर वारा पाडतो. तिकडे तोडीच्या कडेला ठेवलेले अरुंद पट्टे पहिल्या दोन-चार वादळांतच आडवे झाल्याचे कितीतरी दाखले आहेत. दाट रानात वाढलेल्या झाडाला चहूबाजूंचा वारा झेलायची सवय नसते. आपल्याकडे जुलैतला पश्चिमेचा वारा माथ्यावर काय करतो ते वेगळं सांगायला नको.

ओढ्याकाठी

करवतीपेक्षा जेसीबी जास्त नुकसान करतो, त्यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ट्रक वर न्यायला उतार कापून रस्ता काढतात. कापलेली माती खालच्या अंगाला लोटलेली असते, तिच्यावर दाब दिलेला नसतो. ओढा ओलांडताना एक सिमेंटचा पाइप टाकतात, तोही लहान. जूनमध्ये पहिल्या पावसात फांद्या-पाला वाहून आला की पाइपचं तोंड बुजतं, पाणी रस्त्यावरून धावतं आणि लोटलेल्या भरावासकट खाली येतं. तोड मार्चमध्ये झाली, नुकसान जुलैत दिसतं, तोवर व्यापारी दुसऱ्या गावात.

रस्ता झालाच असेल तर पावसाआधी एवढं तरी करून घ्या. आडवे चर काढा, रस्त्याला काटकोनात नाही, तिरपे, साधारण तीस अंशात. दहा टक्के चढाला दर पंचवीस मीटरवर एक, वीस टक्क्यांना चौदा-पंधरा मीटरवर. तोंड ओढ्यात सोडू नका, पालापाचोळ्याच्या रानात सोडा म्हणजे गाळ तिथेच बसतो. ओढ्यातला पाइप मेअखेर उपटून टाका आणि काठ पूर्ववत उतरते करा. ओंडके उतारावरून सरळ ओढत आणू नका. ओढलेल्या घळीतूनच पुढे पाणी धरतं.

दरडींबद्दल. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे काय झालं ते माहीत आहे. महाबळेश्वरला तेव्हा एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढ्या पावसात शाबूत रानाचे उतारही सुटतात, तेव्हा प्रत्येक दरड तोडीच्या खात्यावर घालणं बरोबर नाही. पण मुळांचं गणित पक्कं आहे. झाड तोडल्यावर मुळं लगेच सुटत नाहीत. ती हळूहळू कुजतात, नवी मुळं अजून धरलेली नसतात, आणि तोडीनंतरची साधारण तीन ते दहा वर्षं उताराला सगळ्यात कमकुवत असतात. 'तोडून दोन पावसाळे झाले, काही झालं नाही' याला म्हणून अर्थ नाही. फुटणाऱ्या झाडांचं जिवंत खोड ठेवलं तर मुळं बरीच टिकतात, हा एक फायदा.

किंजळ

मग फुटवा नीट कसा घ्यायचा तेही कुणीतरी लिहा. खोडकं फाटून ठेवतात आणि वर म्हणतात फुटलं नाही.

जांभा

डिसेंबर ते फेब्रुवारी तोड. जमिनीपासून वीतभर, काप तिरपा आणि गुळगुळीत, म्हणजे पाणी थांबणार नाही. कुऱ्हाडीने साल सोलवटली की त्या बाजूने फुटत नाही. दुसऱ्या वर्षी सशक्त दोन-तीन फुटवे ठेवून बाकीचे काढायचे. आणि निदान तीन-चार वर्षं गुरं-शेळ्या बंद. ही शेवटची अट मोडते म्हणून बाकी सगळं वाया जातं. शेळीने कोवळा शेंडा खाल्ला की ते झाड कायमचं झुडूप.

पण हे ज्या रानात आधीच फुटव्याचं चक्र चालू आहे तिथे. जुन्या एकेरी बुंध्याच्या रानात फुटवा घ्यायला जाऊ नका, म्हाताऱ्या खोडाला फुटायची ताकद कमी असते.

भट्टी

कोळशाबद्दल कुणी बोललं नाही. अंजनीचं लाकूड जड आणि कठीण, त्याचा कोळसा टिकून जळतो, म्हणून भट्टीवाल्याची नजर तिच्यावर. मातीच्या भट्टीत पाच टन लाकडाला कसाबसा एक टन कोळसा. आच्छादनाला तडा गेला आणि हवा शिरली तर तोही नाही, राख. धूर पांढरा असतो तोवर लाकडातलं पाणी जातंय. पातळ निळा झाला की भट्टी बुजवायची वेळ. रात्री कुणी राखण केली नाही की सकाळी अर्धा माल गेलेला. म्हणजे लाकडाची इतकी नासाडी दुसऱ्या कुठल्या वापरात होत नाही.

कागदाची गंमत अशी की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कोळसा वनउपज आहे, जंगलातून आणलेला असो वा नसो. त्यामुळे 'आमच्याच शेतातल्या लाकडाचा आहे' म्हणून गाडी सुटत नाही. निलगिरी-सुबाभळीसारख्या लावलेल्या झाडांना वाहतुकीची सूट आहे, तिचा गैरफायदा असा की वरचे दोन थर निलगिरीचे आणि खाली अंजनी.

सातबारा

भट्टी यांच्या मुद्द्याला जोडून: त्याच कलमात हिरडाही आहे. गोळा केलेला हिरडा बाहेर पाठवताना लोक इथेच अडकतात.

आठ_एकर

बरं, मग न तोडता हातात काय? हिरडा, मध, एवढंच ना?

नवजा

एवढंच, आणि तेही नीट केलं तर. बाळहिरडा कोवळा असताना, आठळी धरायच्या आत काढायचा आणि लगेच कडक वाळवायचा. ओलसर राहिला की बुरशी आणि निम्मा भाव. फांदी तोडून हिरडा काढायची पद्धत बंद करा, पुढच्या दोन वर्षांचं फळ जातं.

मधासाठी जांभूळ, हिरडा, पिसा हीच जुनी झाडं लागतात, आणि दर सात-आठ वर्षांनी कारवी. महाबळेश्वराजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं ते सातेरी मधमाश्यांच्या पेट्यांच्या जोरावर. पेटी ठेवायची तर अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या आत फुलोरा हवा आणि पावसाळ्यात खाद्य द्यायची तयारी हवी. नाहीतर जुलैत वसाहत उठून जाते, मग लोक म्हणतात योजना फसवी.

यातून उक्त्या तोडीएवढी रक्कम एकदम येणार नाही. ते खोटं सांगू नये. पण उक्ती रक्कम सहा हिस्सेदारांत वाटली की एकेकाला काय उरतं याचा हिशेब मांडून बघा, आणि पुन्हा तेवढं रान व्हायला किती वर्षं लागतील तेही त्याच कागदावर लिहा.

शिराळा_पश्चिम

देवराईचा विषय वेगळा धागा मागतो, पण एक सांगतो. देवराई बहुतेक ठिकाणी कोयतीने नाही गेली, जीर्णोद्धाराने गेली. देवळाला स्लॅब टाकायचा, निधी कमी पडतो, मग 'देवाच्याच कामाला' चार झाडं. एकदा छत फाटलं की वारा आणि कारवी पुढचं काम करतात.

कुंभार्ली

सगळ्यांचे आभार. नमुन्याच्या आठ एकरांपुरतं मी असं धरतोय: ओढ्याच्या दोन्ही काठांना तीस-तीस मीटर काही नाही. कड्याखालचा एकेरी बुंध्यांचा साधारण दीड-दोन एकरांचा पुंजका पूर्ण वगळायचा, आणि तो ओढ्याच्या पट्ट्याला जोडून घ्यायचा म्हणजे छत सलग राहील. उरलेल्या फुटव्याच्या रानात आकडे टाकून, वजनावर, तेही दोन-तीन टप्प्यांत. जेसीबी नाही, माल डोक्यावर किंवा बैलाने रस्त्यापर्यंत.

एकच अडचण. वगळलेली झाडं वगळलेलीच राहिली हे तोड चालू असताना मुंबईच्या हिस्सेदारांना कळणार कसं? गेरूची खूण दोन सरींत जाते.

घेर_लांबी

गेरू नको, ऑइलपेंट. आणि खूण दोन ठिकाणी. एक छातीच्या उंचीला, लांबून दिसायला. दुसरी बुंध्याशी, जमिनीपासून चार बोटांवर, उताराच्या खालच्या अंगाला. त्याच्या वरूनच करवत बसते, म्हणून झाड गेलं तरी ती खोडक्यावर राहते. आधी साल तारेच्या ब्रशने घासा, शेवाळावर रंग धरत नाही. सालीत खाच पाडू नका, तिथून कीड शिरते.

प्रत्येक झाडाचा आकडा, जात आणि घेर वहीत, आणि त्या वहीच्या पानांचे फोटो सहाही हिस्सेदारांकडे, तोड सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. मग शिमग्याला कोणी गावी आला की त्याने फक्त खोडकी बघत फिरायचं.

किंजळ

खोडक्यावर माती लोटतात, तेही लिहा. सोबत एक कोयती न्या, खरवडून बघायला.